मणक्याच्या ऑपरेशननंतरचे शंभर दिवस

कंबरेच्या मणक्याचं ऑपरेशन करून माणूस घरी येतो, तेव्हा हॉलमधल्या दिवाणावर त्याची गादी आधीच घातलेली असते. उशाशी पाण्याचा तांब्या, औषधांचा डबा, टीव्हीचा रिमोट. भेटायला आलेला प्रत्येक जण निघताना बजावतो, 'आता तीन महिने अजिबात हलू नकोस हं.' आई जेवणाचं ताट हातात आणून देते, मुलगा पाण्याचा पेला तोंडाशी धरतो. यात माया आहे. पण व्यायाम शिकवायला घरोघरी जाताना मी पाहत आले आहे, की कितीतरी जणांचं बरं होणं लांबतं ते याच मायेपायी.

सर्जनचं काम काही तासांत संपतं. दबलेली नस मोकळी होते. त्या नसेला, कापलेल्या स्नायूंना आणि घाबरलेल्या माणसाला पुन्हा कामाला लावण्याचं काम पुढच्या शंभर दिवसांत घरी होतं. त्या दिवसांत काय करायचं, काय टाळायचं आणि कशाची धास्ती घ्यायची नाही, हे या लेखात सांगते आहे. तुमच्या सर्जननी काही वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचंच ऐका. तुमचा मणका आतून त्यांनी पाहिलेला आहे.

आत नेमकं काय केलं?

आपल्या पाठकण्यात मणक्यांच्या मधे २३ चकत्या असतात. कंबरेत पाच मणके. त्यांतल्या शेवटच्या दोन चकत्यांवर सगळ्यात जास्त भार येतो, म्हणून बहुतेकांची चकती तिथेच सरकते. एमआरआयच्या कागदावर 'एल-फोर एल-फाइव्ह' किंवा 'एल-फाइव्ह एस-वन' लिहिलेलं असतं ते या जागांबद्दल. चकतीतला मऊ गर बाहेर येतो, पायाकडे जाणाऱ्या नसेवर दाबतो आणि कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत, कधी तळव्यापर्यंत कळ जाते. हीच सायटिका. चकतीचा आणि या कळेचा संबंध अमेरिकेतल्या मिक्स्टर आणि बार या दोन सर्जननी १९३४ साली स्पष्टपणे मांडला, आणि तेव्हापासून या शस्त्रक्रियेला खरी दिशा मिळाली.

घरी येताना मिळालेल्या डिस्चार्ज कार्डावर कोणतं ऑपरेशन झालं ते नीट वाचा, नाहीतर विचारून घ्या. सरकलेल्या चकतीचा तेवढाच तुकडा काढला असेल, तर माणूस लवकर हिंडूफिरू लागतो. उतारवयात नसांची वाट अरुंद होते, चार पावलं चालल्यावर पाय भरून येतात आणि थांबावं लागतं. त्यासाठी मणक्याच्या मागचं थोडं हाड काढून वाट मोकळी करतात. तिसऱ्या प्रकारात स्क्रू आणि सळ्या बसवून दोन मणके एकमेकांना जोडतात. धातू त्यांना तात्पुरता धरून ठेवतो, खरा जोड हाडच घालतं आणि त्याला सहा महिने ते वर्षभर लागतं. शेजारच्या काकांचं ऑपरेशन यांतलं एक आणि तुमचं दुसरं असेल, तर त्यांच्या तारखा तुम्हाला लागू पडणार नाहीत.

आणखी एक गोष्ट आधीच मनाशी धरून ठेवा. चकतीचं ऑपरेशन मुख्यतः पायाच्या कळेसाठी असतं. ती कळ बहुतेकांची पहिल्या काही दिवसांतच थांबते, कित्येकांना तर शुद्धीवर आल्याआल्या जाणवतं की पाय सुटला. ताकद यायला आठवडे, कधी महिने लागतात. बधिरपणा आणि मुंग्या सगळ्यात शेवटी जातात, आणि कधीकधी एखादा पट्टा कायमचा बोथट राहतो. नसेचे आतले धागेच तुटले असतील, तर ते दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतात. कंबरेपासून पावलापर्यंतचं अंतर डोळ्यांपुढे आणा, म्हणजे अंगठा अजून उचलला जात नाही म्हणून महिन्याभरात हताश होणं का योग्य नाही, ते कळेल.

रुग्ण येण्याआधी घर आवरा

पहिले सहा आठवडे तीन गोष्टी टाळायच्या असतात: कंबरेतून वाकणं, कंबर पिळणं आणि वजन उचलणं. आपल्या घरांची रचनाच अशी, की दिवसभर या तिन्ही गोष्टी घडत राहतात. म्हणून माणूस दवाखान्यात असतानाच घरात बदल करून ठेवा.

रोज लागणाऱ्या वस्तू कंबर आणि खांदा यांच्या मधल्या उंचीवर आणा. ओट्याखालचे डबे वर ठेवा. मोरीत पाट असेल तर तो काढून प्लॅस्टिकची टेकू नसलेली, न घसरणारी उंच खुर्ची ठेवा, अंगावर पाणी घ्यायला लांब दांड्याचा मग घ्या. घरात भारतीय पद्धतीचं शौचालय असेल तर वर ठेवायची कमोडची खुर्ची आणा. वैद्यकीय साहित्याच्या दुकानांत ती मिळते, काही ठिकाणी भाड्यानेही देतात. उकिडवं बसणं, मांडी घालून बसणं आणि विळीवर चिरणं काही काळ बंद. देवपूजा उभ्यानं करता येईल अशी सोय करा. पायपुसणी आणि सुट्या सतरंज्या उचलून ठेवा. पाऊल ओढलं जात असेल तर नुसत्या अंगठ्याच्या चपला घालू नका, मागे पट्टा असलेल्या सँडल घ्या.

'फळीवर झोपा, जमिनीवर झोपा' असं खूप जण सांगतात. जमिनीवरून उठताना कंबरेला जो पीळ बसतो तोच पहिल्या आठवड्यांत नको असतो. गादीबद्दल सांगायचं तर, जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांवर स्पेनमध्ये झालेला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात फार कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला. तेव्हा गुडघ्याच्या उंचीचा पलंग आणि खड्डा न पडणारी गादी, एवढं पुरे.

पहिले दोन आठवडे

अंथरुणातून उठायची एक पद्धत आहे, ती दवाखान्यातच शिकून घ्या. आधी गुडघे वाकवा. खांदे, कंबर आणि गुडघे एकाच वेळी फिरवत लाकडाच्या ओंडक्यासारखं सरळ कुशीवर वळा. पाय पलंगाखाली सोडा आणि त्याच वेळी हाताच्या जोरावर अंग वर उचला. झोपताना याच्या उलट क्रमानं. उताणं पडल्यापडल्या एकदम उठून बसायचं नाही, आणि कुणी हात धरून ओढायचंही नाही. झोपताना उताणं असाल तर गुडघ्यांखाली उशी, कुशीवर असाल तर दोन गुडघ्यांच्या मधे उशी.

चालणं हे या दिवसांतलं मुख्य औषध आहे. बहुतेक रुग्णांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दवाखान्यातच चालवतात, ते उगीच नाही. पडून राहिलं की पायांच्या शिरांत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो, छातीत कफ साठतो, भूक आणि पोट बिघडतं, आणि मणक्याला आधार देणारे स्नायू झपाट्यानं वाळतात. सुरुवात घरातल्या घरात पाच ते दहा मिनिटांनी, दिवसातून चार-पाच वेळा. मग गच्ची किंवा सोसायटीचं आवार. दर दोन-तीन दिवसांनी थोडी मिनिटं वाढवा. सहा आठवड्यांपर्यंत एका दमात अर्धा तास चालता आलं, तर उत्तम चाललं आहे असं समजा. जिना चढायला हरकत नाही. कठडा धरा आणि एक-एक पायरी घ्या.

बसण्यानं मात्र चकतीवर उभं राहण्यापेक्षा जास्त दाब येतो, पुढे झुकून बसल्यावर तर आणखी. म्हणून सुरुवातीला एका वेळी वीस-तीस मिनिटांहून अधिक बसू नका. पाठ टेकणारी, हात असलेली खुर्ची घ्या. मऊ सोफ्यात रुतून बसणं टाळा. भेटायला येणाऱ्यांसमोर दोन-दोन तास बसून राहणं त्रासाचं ठरतं. 'मी जरा फेरी मारतो' म्हणून खुशाल उठा.

वजनाचा अंदाज असा ठेवा: दोन-तीन किलोंपेक्षा जास्त काही उचलायचं नाही. भरलेली बादली पंधरा-वीस किलोंची असते, गॅसचा भरलेला सिलिंडर जवळपास तीस किलोंचा. नातवाला कडेवर घेण्याचा मोह होतो, पण त्याला मांडीवर दुसऱ्या कुणीतरी आणून द्यावं.

जखम कोरडी आणि स्वच्छ राहू द्या. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात. अंघोळ कधीपासून करायची ते ड्रेसिंगच्या प्रकारावर ठरतं, ते विचारून घ्या. जखमेवर हळद, तेल, बाम, लेप काही लावू नका, मालिश करून घेऊ नका. पाय बधिर असेल तर त्यावर गरम पाण्याची पिशवी कधीही ठेवू नका. चटका कळत नाही आणि फोड आल्यावरच लक्षात येतं.

वेदनाशामक गोळ्या सांगितल्या वेळी घ्या. कळ असह्य होईपर्यंत थांबलात तर चालणं बंद पडतं, आणि तेच आपल्याला चालू ठेवायचं आहे. मात्र शेजारच्या दवाखान्यात जाऊन वरून आणखी एक इंजेक्शन घेऊ नका. एकाच जातीची दोन औषधं एकत्र झाली तर मूत्रपिंडाला आणि जठराला इजा होऊ शकते. ट्रामाडॉलसारख्या गोळ्यांनी पोट कडक होतं आणि कुंथल्यावर कंबरेत कळ उठते. पहिल्या दिवसापासून भरपूर पाणी, पालेभाजी, फळं आणि डॉक्टरांना विचारून इसबगोल घ्या.

जेवणाबद्दलचे गैरसमज तर घराघरांत आहेत. 'दही नको, आंबट नको, टाके पिकतील,' म्हणून आजारी माणसाला आठवडेच्या आठवडे वरणभाताच्या पाण्यावर ठेवतात. आंबट खाण्यानं टाके पिकत नाहीत. ते पिकतात जंतूंमुळे, आणि मधुमेह ताब्यात नसेल तर अधिक सहज. जखम भरायला प्रथिनं लागतात: डाळ, उसळ, दूध, दही, अंडी, मासे, जे घरात चालत असेल ते. हाडासाठी नाचणीची भाकरी, तीळ आणि दूध चांगलं. मधुमेह असेल तर रक्तातली साखर रोज तपासा.

तिसऱ्या आठवड्यापासून तीन महिन्यांपर्यंत

दुखणं थोडं ओसरलं की माणूस दोनपैकी एका टोकाला जातो. एक जण पलंग सोडत नाही. दुसरा, आता बरं वाटतंय म्हणून गावाकडची खेप करून येतो. दोघांचंही नुकसान होतं.

व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून प्रत्यक्ष शिका. सुरुवातीला पोटाचे आतले स्नायू आत ओढून धरणं, घोटे हलवणं, कुल्ले आवळणं यांसारखे साधे प्रकार असतात. पुढे उताणं झोपून कुल्ले वर उचलणं, हातागुडघ्यांवर ओणवं होऊन एक हात आणि विरुद्ध पाय ताणणं असे वाढत जातात. मोबाइलवर पाहून कुणाचे तरी व्यायाम करू नका. चकतीच्या ऑपरेशननंतर पुढे वाकण्याची आसनं, पश्चिमोत्तानासन किंवा सूर्यनमस्कार, सर्जननी होकार दिल्यावरच.

कंबरेचा पट्टा सांगितला असेल तितकेच दिवस, उभं राहताना आणि प्रवासात वापरा. पट्टा वर्षभर आवळून बसणाऱ्याचे स्वतःचे स्नायू काम विसरतात.

टेबलाशी बसून करायच्या कामावर चकतीच्या ऑपरेशननंतर दोन ते सहा आठवड्यांत बहुतेक जण परततात, पण दर अर्ध्या तासानं उठायची सोय हवी. शेतीची, हमालीची, बांधकामाची कामं करणाऱ्यांना तीन महिने किंवा त्याहून जास्त लागतात. त्यांनी वरिष्ठांना दाखवायला डॉक्टरांकडून तसं लिहून घ्यावं. गुंगी आणणाऱ्या गोळ्या चालू असेपर्यंत गाडी चालवायची नाही, आणि एकदम जोरात ब्रेक दाबता येतो याची खात्री होईपर्यंतही नाही. आपल्या रस्त्यांवरचे खड्डे लक्षात घेता दुचाकीवर मागे बसणंसुद्धा पहिले सहा आठवडे नको. एसटीनं जावंच लागलं तर मागच्या चाकावरची आणि शेवटची सीट टाळा, तासाभरानं उतरून चार पावलं टाका. पती-पत्नींच्या संबंधांबद्दल विचारायला बहुतेक जण लाजतात. साधारण चार ते सहा आठवड्यांनी, कंबरेवर भार येणार नाही अशा बेतानं ते सुरू करता येतात. डॉक्टरांना सरळ विचारा.

मणके जोडले असतील तर या सगळ्या तारखा पुढे जातात. हाड जुळण्याच्या काळात सगळ्यात मोठा शत्रू निकोटिन. ते रक्तवाहिन्या आकसवतं आणि नव्या हाडाला रक्त पोचू देत नाही. विडी-सिगारेट सोडली पण तंबाखू-चुना चालू आहे, गुटखा चालू आहे, सकाळी मशेरी लावली जाते, तर निकोटिन शरीरात जातच आहे. बायकांची मशेरी कुणी विचारत नाही आणि त्याही सांगत नाहीत. कृपा करून सांगा. स्क्रू बहुधा काढावे लागत नाहीत, आयुष्यभर राहू शकतात.

काहींचं ऑपरेशन यांहून वेगळं असतं. मानेच्या मणक्याचं ऑपरेशन समोरून झालं असेल, तर काही दिवस गिळताना घसा दुखतो, आवाज बसतो. मऊ अन्न, लहान घास घ्या. क्षयरोगामुळे मणक्याचं ऑपरेशन झालं असेल, तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: ऑपरेशननं पू आणि दाब जातो, रोग जातो तो गोळ्यांनीच. मणक्याच्या क्षयाचं औषध बहुधा नऊ महिने ते वर्षभर, कधी त्याहूनही जास्त चालतं. बरं वाटलं म्हणून ते मधेच सोडलं, तर झालेलं ऑपरेशन वाया जाऊ शकतं.

केव्हा क्षणभरही थांबायचं नाही

पुढीलपैकी काही घडलं तर सकाळची वाट न पाहता, जिथे ऑपरेशन झालं त्या दवाखान्याशी संपर्क साधा किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा.

- लघवी होत नाही, किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला. जांघा, गुदद्वार आणि त्याभोवतीचा भाग बधिर झाला. इथे एकेक तास मोलाचा असतो. उशीर झाला तर नुकसान कायमचं राहू शकतं.
- एका किंवा दोन्ही पायांतली ताकद नव्यानं कमी झाली, पाऊल लटकं पडलं.
- ताप आणि थंडी, जखम लाल, गरम, सुजलेली, किंवा तिच्यातून पू येतो आहे.
- जखमेतून पाण्यासारखा स्वच्छ द्रव गळतो आहे. उठून बसल्यावर डोकं फार दुखतं आणि आडवं झाल्यावर थांबतं. नसांभोवतीच्या आवरणाला छिद्र असल्याची ही खूण असू शकते.
- एक पोटरी सुजली आणि दुखते आहे. छातीत दुखतं किंवा अचानक धाप लागते.
- मानेच्या ऑपरेशननंतर गळा सुजतो आहे, श्वास घ्यायला त्रास होतो आहे.

यांखेरीजची दुखणी बहुतेक वेळा वाटेवरची असतात. आधी थांबलेली पायाची कळ चार-पाच दिवसांनी थोडी परत आली, जास्त चाललं त्या रात्री कंबर ठणकली, पाऊस-थंडीत जखम आखडली, तर घाबरू नका. एक-दोन दिवस चालणं निम्म्यावर आणा, पण बंद करू नका. कळ आठवडाभर उतरलीच नाही किंवा वाढत गेली, तर दाखवा. स्वतःच्या मनानं पुन्हा एमआरआय करून आणू नका. ऑपरेशननंतरच्या सुरुवातीच्या महिन्यांत त्यात सूज आणि वण दिसतातच. शिवाय कसलंही दुखणं नसलेल्या लोकांचे मणके तपासणाऱ्या अभ्यासांचा एक मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. कागदावर 'गॅप', म्हणजे अशी झीज, लिहिलेली असली, म्हणून माणूस आजारी असतोच असं नाही.

बरं होणं म्हणजे किती?

नेदरलँड्समध्ये तीव्र सायटिकाच्या २८३ रुग्णांचे दोन गट करून एक अभ्यास झाला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. एका गटावर लगेच ऑपरेशन केलं, दुसऱ्याला औषधोपचारांवर ठेवून गरज पडली तरच ऑपरेशन केलं. ऑपरेशनवाल्यांची कळ लवकर थांबली. पण वर्षअखेरीस दोन्ही गटांतले साधारण ९५ टक्के रुग्ण बरे झाले होते. यातून मला एवढंच कळतं, की चकतीच्या ऑपरेशननं आपल्याला वेग मिळतो. बरं करण्याचं बाकीचं काम शरीर करतं, आणि त्याला हालचाल, झोप, अन्न आणि वेळ लागतो. लघवी अडकणं किंवा पायाची ताकद झपाट्यानं जाणं अशा प्रसंगी मात्र थांबायला जागा नसते.

चकती पुन्हा सरकू शकते का? शंभरातल्या साधारण पाच ते पंधरा जणांत असं घडतं. म्हणून शंभर दिवस संपले तरी वाकायची नवी सवय सोडू नका: गुडघ्यांतून खाली जायचं, वस्तू पोटाशी धरायची आणि कंबर न पिळता पावलांनी वळायचं. हे आधी घरातल्या बाकीच्यांनी शिकावं, म्हणजे रुग्णाला वेगळं वाटत नाही.

आता एक छोटं काम सांगते. स्वयंपाकघराच्या भिंतीवर दिनदर्शिका असतेच, दुधाचे लिटर आणि गॅसची तारीख जिच्यावर लिहिलेली असते ती. तिच्यावर रोजच्या चौकोनात दोन आकडे लिहायला लागा: आज एकूण किती मिनिटं चाललो, आणि पायाची कळ दहापैकी किती होती. लिहिण्याचं काम घरातल्या लहान मुलाकडे द्या, ते विसरू देणार नाही. मधले काही दिवस वाईट जातील, आकडे खाली-वर होतील. पण महिना उलटून पान बदलायची वेळ आली, की पहिल्या आठवड्याचा चौकोन आणि आजचा चौकोन शेजारी धरून पाहा. 'काहीच फरक नाही' असं वाटत असतं, तेव्हा खरं काय घडलं आहे ते तिथे दिसतं. पुढच्या तपासणीला जाताना ते पान सोबत घेऊन जा. सर्जनना एमआरआयइतकंच ते उपयोगी पडेल.